शरण आलेल्याला भीती देऊ नये



आजचं वाचन: महाभारत, महाप्रस्थानिक पर्व. १८ पर्वांपैकी हे १७वं, अगदी छोटं. पण आज मला ते पुढे सरकूच देत नव्हतं. कारण सांगतो, थोडं लाजत सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एक पिल्लू दत्तक घेतलं. चार महिन्यांचं, गावठी, एक कान उभा आणि एक पडलेला. आईने नाव ठेवलं मोत्या. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला आणि शनिवारी सकाळपासून आमच्याकडे जणू बारसंच सुरू झालं. शेजारचे, मावशी, मामेभाऊ, त्यांची मुलं, प्रत्येकाला त्याला उचलून फोटो काढायचा होता. तो शेपूट पोटाशी घेऊन थरथरत होता आणि आम्ही म्हणत होतो, "किती शांत आहे ना!"

सोमवारी पहाटे सहाला उठलो तर देवघरासमोर सू केलेली. नऊला रिलीज होतं, रात्री झोप नव्हती. मी जोरात ओरडलो, त्याची मान धरून तोंड त्या ओल्या फरशीपाशी नेलं. तो सोफ्याखाली गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. अन्नाला तोंड लावलं नाही. दुपारी मी ज्यांच्याकडून त्याला आणलं त्यांच्यासाठी मेसेज टाईप केला: "आमच्याकडे त्याचं जमेल असं वाटत नाही." पाठवला नाही, पण पुसलाही नाही.

आई सोवळंओवळं मानणारी. मला वाटलं, ती म्हणेल देऊन टाक. ती फरशी पुसत म्हणाली, "अरे, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत चार महिन्यांच्या लेकराने धरून ठेवायचं होय? तू ठेवलं होतंस का?"

खरंच की. लॉग न वाचताच मी बग दुसऱ्याच्या नावावर टाकला होता. चूक माझ्या वेळापत्रकात होती.

आता पर्वाकडे येऊ. पाच पांडव आणि द्रौपदी सगळं सोडून निघतात, आणि हस्तिनापुरापासून एक कुत्रा त्यांच्या मागे चालू लागतो. तो सातवा. वाटेत द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ. शेवटी युधिष्ठिर आणि तो कुत्रा, दोघेच. इंद्र रथ घेऊन येतो आणि अट घालतो: कुत्र्याला इथेच सोड. युधिष्ठिर नाही म्हणतो. इंद्र विचारतो, भावांना आणि द्रौपदीला सोडलंस ना, मग याला का नाही? उत्तराचा आशय असा: ते गेले होते, त्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही.

आपल्या सगळ्यांना गोष्टीचा शेवट पाठ असतो: कुत्रा म्हणजे साक्षात धर्म. पण मित्रांनो, युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं. त्याच्यापुढे होता तो फक्त एक कुत्रा.

आणि आज मी थांबलो ते पुढच्या वाक्यापाशी. आपल्यावर विसंबलेल्याला टाकणं हे कोणत्या पापांच्या बरोबरीचं, ते सांगताना युधिष्ठिर चार पापं मोजतो. प्रचलित पाठात त्यातलं पहिलं आहे शरण आलेल्याला भीती दाखवणं. म्हणजे नुसतं घरात ठेवून घेतलं, मेसेज पाठवला नाही, एवढ्याने मी सुटत नाही. घरात घेऊन त्याला घाबरवत ठेवलं, तरी ते त्याच रांगेत बसतं.

गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. तिची सुरुवातच अभयाने होते. आपल्या कित्येक मूर्तींचा उजवा हातही तेच सांगत असतो: भिऊ नकोस. आपण काय काय सांडून देवापुढे उभे राहतो! तो आपली मान धरत नाही.

मग हे अभय रोजच्या घरात कसं द्यायचं? डॉक्टरांनी सांगितलं ते करतोय. हॉलचा एक कोपरा मोत्याचा, तिथे जुनी गोधडी आणि पाण्याचं भांडं. तो तिथे असताना कोणी हात लावायचा नाही. पिल्लं दिवसातले बरेच तास झोपतात, ती झोप मोडायची नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच खाली न्यायचं, रात्री दोनचा अलार्म लावून एकदा न्यायचं. बाहेर केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात झालं तर गुपचूप पुसायचं, कारण नंतर रागावलं तर त्याला फक्त एवढंच कळतं की या माणसाला भ्यायचं. प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात, त्या कुत्र्यांना विषारी, म्हणून त्याला तो द्यायचा नाही, कितीही प्रेम आलं तरी.

आणि घाई नाही. प्राणी दत्तक देणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: बावरलेपण ओसरायला तीन दिवस, घराची सवय व्हायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत मनाबद्दलही हेच सांगतात: हळूहळू, आणि जितक्या वेळा पळेल तितक्या वेळा परत आणा. जपाला बसलं की माझं मन दहा वेळा पळतं. तरी मी पिल्लाकडून तीन दिवसांत शिस्त मागत होतो!

रोज सकाळी मी आता त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसतो आणि मोठ्याने वाचतो. हात पुढे करत नाही. आज पर्व वाचताना तो येऊन माझ्या पायाला टेकून झोपला. मग बेल वाजली आणि तो परत सोफ्याखाली. मी त्याला ओढून काढलं नाही. दार हळू उघडलं, दूध घेतलं आणि पुन्हा जागेवर येऊन बसलो. तो मेसेजही आज पुसला.

आजचा संकल्प: आपल्या भरवशावर राहणारं कोणीतरी प्रत्येकाच्या घरात किंवा टीममध्ये असतं. लहान मूल, म्हातारी आजी, नवीन लागलेला ज्युनिअर. आपला आवाज ऐकला की ते माणूस सोफ्याखाली जातं का, एवढं आज एकदा बघूया.

राम कृष्ण हरी!