दुवा

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी साफसफाई चालली होती. माळ्यावरची तांब्याची भांडी खाली आली, जुन्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत गेल्या, आणि सारे आटोपल्यावर धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, आता तुमचा मोबाइल तेवढा राहिला!"

मी हसलो, परंतु रात्री सोप्यात बसून खरोखरच तो झाडायला घेतला. 'पुढे वाचू' म्हणून साठवलेले दुवे मोजले, ते अकराशेच्या वर निघाले! लिंबाच्या लोणच्यापासून अद्वैतापर्यंत एकही विषय सुटला नव्हता. त्यांतले वाचलेले किती, हे सांगायची मला लाज वाटते.

न वाचलेली गोष्ट मनुष्य साठवतो कशासाठी? मला वाटते, साठवण्यातच एक स्वस्त समाधान आहे. दुव्यावर बोट ठेवले की वाचल्याचे निम्मे पुण्य पदरी पडल्यासारखे वाटते. पुस्तकातली विद्या ऐनवेळी उपयोगी पडत नाही, असे आमचे संस्कृतचे मास्तर सांगत. इथे तर विद्या पुस्तकातही नाही. ती कुठे आहे, याची चिठ्ठी तेवढी आपल्या खिशात!

माझे वडील वर्तमानपत्रांतली कात्रणे ठेवीत. कणकेची खळ करून ती वहीत चिकटवीत आणि खाली वर्तमानपत्राचे नाव व तारीख लिहीत. एका बाजूचा लेख कापला की मागच्या बाजूचा मजकूर तुटणार. तेव्हा दोहोंतले कोणते ठेवायचे, हे वाचल्याशिवाय त्यांची कात्री चालत नसे. त्या वहीत दोनशेही कात्रणे नसतील, पण त्यांना ती जवळजवळ तोंडपाठ होती.

म्हणून जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. वाट दाखवणे हे काम लहान नव्हे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची तयार केली. ती सूची स्वतः कथा सांगत नाही की काव्य ऐकवत नाही. कोणता ग्रंथ कोणी लिहिला, कधी निघाला, एवढेच सांगते. पण तेवढ्या आधारावर अभ्यासकांच्या पिढ्या चालल्या. २००३ साली निघालेल्या 'डिलिशस' नावाच्या संकेतस्थळाने असेच काम सामान्य माणसाच्या हाती दिले. दुवा साठवायचा, त्याला आपल्या शब्दांत दोन-चार खुणा लावायच्या, आणि तो सर्वांसाठी खुला ठेवायचा. एकाने लावलेली खूण सातासमुद्रांपलीकडच्या दुसऱ्याच्या कामी यावी, ही कल्पना मला आजही सुंदर वाटते.

परंतु ते संकेतस्थळही हातोहात विकले गेले आणि २०१७ नंतर त्याची आठवणच उरली. लाखोंनी ज्यात 'पुढे वाचायचे' म्हणून लेख ठेवले, ते 'पॉकेट' २०२५ च्या जुलैत बंद झाले. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेली पाहणी सांगते की, २०१३ मध्ये जालावर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडेनाशी झाली होती. वहीला वाळवी लागते, तसाच हा प्रकार.

दुवा मेला तर नुकसान माझे एकट्याचे. पण तो जिवंत असून शिळा असला, आणि मी तो दुसऱ्याला दिला तर?

२०२१ च्या जुलैतली गोष्ट. कुरुंदवाडचा माणूस पुराला नवखा नाही. पंचगंगा आणि कृष्णा आमच्या शेजारीच एकमेकींना भेटतात. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झाले की आम्ही हात जोडतो, आणि मग घरातले धान्य वर चढवू लागतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची ओल अजून भिंतींतून गेली नव्हती. पाणी वाढत होते आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर जो तो विचारत होता, "काय बातमी?" मी माझ्या साठ्यात 'पंचगंगा' हा शब्द शोधला, आणि वर आलेला पहिला दुवा पाठवून दिला. मथळा पाणी ओसरू लागल्याचा होता. मी तो उघडला नाही. बातमी दोन वर्षांपूर्वीची होती.

नदीकडच्या बोळातल्या एका काकूंनी ती पाहून बांधलेली बोचकी सोडली. रात्री पाणी उंबऱ्याला लागले. पहाटे त्यांना नावेतून काढावे लागले. जीव वाचला, जोंधळ्याची दोन पोती आणि ज्यावर त्यांचे पोट चाले ते शिलाईयंत्र गेले. पूर ओसरल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही धाडलंय म्हंजे खरंच असणार, असं वाटलं बघा." त्यांत रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच मला सोसेना.

कोणी म्हणेल, पोस्टमन पत्रातल्या मजकुराला जबाबदार असतो काय? नसतो. पण पोस्टमनने पत्र वाचले असेल, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. मी दुवा पाठवतो तेव्हा त्याबरोबर माझी पतही पाठवतो. काकूंनी बातमीवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून हातोहात फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राने हाताला आवर घातला; मनाला तो ज्याचा त्यानेच घालायचा आहे.

संकटात सारे वाचत बसायला वेळ कुठे असतो, हा आक्षेप खोटा नाही. पण तारीख पाहायला एक क्षण लागतो, आणि 'मी हे वाचलेले नाही' एवढे चार शब्द लिहायला दुसरा. तेवढेही देता येत नसेल, तर गप्प बसणे हीच मदत.

त्या रात्री मी अकराशेतले चाळीस दुवे ठेवले; प्रत्येकापुढे तारीख आणि वाचल्याचा एक शब्द लिहिला. आपल्या भाषेत साखळी जोडतो तो दुवा, आणि गरिबाने मनापासून दिलेला आशीर्वाद, तोही दुवाच. पहिला देताना हयगय केली, तर दुसरा कोणत्या तोंडाने घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी काकूंकडून करंज्यांचा डबा आला. यंत्र आता नवे आहे. आम्ही गल्लीने मिळून घेतले. डब्याबरोबर त्यांचा फोनही आला. कसली तरी सरकारी योजना म्हणे, कोणीतरी दुवा धाडला होता. "मास्तर, खरं हाय का वो हे?"

मी म्हणालो, "थांबा काकू, आधी वाचतो."