दुसऱ्याच्या घरचे मौन

शके १९४५ चा पहिला दिवस, म्हणजे २२ मार्च २०२३, हा आमच्याकडे गोव्यात संवसार पाडव्याचा दिवस होता आणि बाली बेटावर न्येपीचा. दोन्हीकडे शक एकच चालतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तेथे जाईपर्यंत मलाही नव्हते. अधिक मासाचा हिशेब निराळा असल्यामुळे हे दोन दिवस दर वर्षी जुळतातच असे नाही. २०२४ साली न्येपी ११ मार्चला आली आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. त्या वर्षी मात्र जुळले होते. आपण त्या दिवशी गुढी उभारतो, गोडधोड करतो, आप्तेष्टांकडे जातो. बालीतील हिंदू मनुष्य त्या दिवशी काहीच करीत नाही. अग्नी पेटवावयाचा नाही, काम करावयाचे नाही, घराबाहेर पडावयाचे नाही, मन रमवावयाचे नाही, असे चार निषेध सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सहापर्यंत पाळले जातात. विमानतळदेखील बंद राहतो. चौकड्यांचे वस्त्र नेसलेले गावोगावचे रक्षक, ज्यांना पेचालांग म्हणतात, तेवढे रस्त्यांवरून फिरतात आणि कोठे उजेड दिसला तर दाराशी येऊन समज देतात. आजारी आणि अडलेल्या माणसांना अर्थातच सूट आहे.

या दिवशी मी उबुद गावात एका हॉटेलात होतो. आम्ही तेवीस जण होतो. बहुतेक मडगाव-फोंड्याकडचे, दोन कुटुंबे बेळगावची. सकाळ-संध्याकाळ आसने व ध्यान, मधल्या वेळात देवालये, भातशेते व नृत्य यांचे दर्शन, असा सहा रात्रींचा कार्यक्रम होता. अशा सहली आता नव्या राहिलेल्या नाहीत. उबुद हे तर त्यांचे माहेरघर झाले आहे. एका अमेरिकन लेखिकेच्या २००६ सालच्या आत्मकथनाने आणि २०१० साली त्यावर निघालेल्या चित्रपटाने त्या गावाकडे जगाची रीघ लागली. आमच्या गटाची गोष्ट एवढ्यापुरती वेगळी, की आम्ही तेथे परके म्हणून गेलो नव्हतो, निदान आमची समजूत तशी नव्हती.

ही समजूत कशी दृढ होत गेली ते सांगितले पाहिजे. दारोदार केळीच्या नाहीतर माडाच्या पानांच्या द्रोणांत फुले ठेवलेली. त्रिकाळ प्रार्थनेचा आरंभ गायत्री मंत्राने. देवळाच्या आतल्या अंगणात पद्मासन नावाचे उंच दगडी आसन, आणि त्यावर मूर्ती नाही. आमच्यातील एका आजोबांनी ते रिकामे आसन पाहून नकळत हात जोडले. तीर्त एम्पुल येथे दहाव्या शतकापासूनचा झरा आहे. तेथल्या कुंडात एकेका मुखाखाली डोके धरून लोक शुद्धिस्नान करतात. मृतांच्या विधीसाठी राखलेली मुखे तेवढी वगळतात. आम्हीही कमरेला वस्त्र गुंडाळून रांगेत उभे राहिलो. आमच्यातील एक बाई म्हणाल्या, "हे आपलेच आहे हो, आपणच विसरलो होतो." हे वाक्य तेव्हा मलाही फार गोड वाटले. आज विचार करता वाटते, की सगळ्या गोंधळाचे मूळ त्या 'आपलेच' या शब्दात होते. परक्या घरी माणूस निदान दारात थबकतो. आपल्या घरी तो थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो.

न्येपीच्या दिवसासाठी आमच्या कार्यक्रमपत्रिकेत 'संपूर्ण मौन' असे लिहिले होते. बोलावयाचे नाही, लिहावयाचे नाही, दूरध्वनीला हात लावावयाचा नाही, आणि कोणाच्या नजरेला नजरही द्यावयाची नाही. शेवटचा नियम मला थोडा चमत्कारिक वाटला. पण मन अंतर्मुख ठेवण्याला तो उपयोगी पडतो असे आमच्या शिक्षिकाबाईंचे म्हणणे होते, आणि खरोखर पडलाही. तसा दिवस मी आयुष्यात अनुभवला नव्हता. मोटार नाही, भोंगा नाही, हाक नाही. रात्री बेटावर दिवा नसल्यामुळे आकाश इतके खाली आले की लहानपणी खळ्यावर निजताना दिसे तसे दिसले. या अनुभवाविषयी मला यत्किंचितही कुत्सित बोलावयाचे नाही. तो खरा होता.

सकाळी आठच्या सुमारास माझ्या खोलीच्या दाराशी एक मनुष्य ताट घेऊन आला. पपई, भात, भाजी, आणि किटलीत गरम पाणी. बरेचसे आदल्या दिवशी शिजवून ठेवलेले असावे, पण पाणी गरम होते. म्हणजे कोठेतरी अग्नी पेटला होता. त्याने ताट ठेवले. मी नियमाप्रमाणे खाली पाहिले. दुपारी तोच आला, संध्याकाळी तोच. तिन्ही वेळा मी आभाराचा शब्द उच्चारला नाही, आणि तिन्ही वेळा मला आपल्या संयमाचे थोडे कौतुकच वाटले.

दुसऱ्या दिवशी सहानंतर तो फाटकाशी आपल्या दुचाकीजवळ उभा होता, तेव्हा मी त्याच्याशी बोललो. बालीत मुलांची नावे जन्मक्रमावरून ठेवण्याची चाल आहे, पहिला वायान, दुसरा मादे, आणि असेच पुढे. त्यामुळे त्याचे नाव सांगितले काय आणि न सांगितले काय, सारखेच. त्या दिवशी कोणालाच रस्त्यावर येता येत नाही म्हणून पाळीवरचे नोकर आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला येतात, असे त्याने सांगितले. त्याची ही पाळी तिसऱ्या वर्षी आली होती. त्याचा स्वतःचा उपवास होता. तो त्याने आम्हांला तिन्ही वेळा वाढता वाढता पाळला होता. तक्रारीचा सूर नव्हता. जादा पैसे मिळतात, हेही त्यानेच सांगितले.

येथे माझा धंदा मध्ये येतो, आणि तो मध्ये आला की बहुधा माझ्या बाजूने बोलू लागतो. मनुष्य सज्ञान, काम कायदेशीर, मोबदला वाढीव, संमती स्पष्ट. वादाला जागा कोठे? आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या चौदाव्या कलमात संमती 'मुक्त' केव्हा नसते हे सांगितले आहे: बळजबरी, अनुचित दबाव, कपट, खोटे कथन आणि चूक, ही पाच कारणे. (हा कायदा बालीत चालत नाही, हे माझे न्यायालयातील स्नेही सांगतीलच.) वीस वर्षे हे कलम मी वापरीत आलो आहे, आणि त्या पाचांत 'गरज' हा शब्द नाही हे मला नेहमीच शहाणपणाचे वाटले आहे. गरज हे कारण धरले तर जगातला एकही नोकरीचा करार टिकावयाचा नाही. तेव्हा त्या माणसाची संमती कायद्याने पूर्ण होती, हे मी आजही म्हणतो. पण मी तेथे करार करण्यासाठी गेलो नव्हतो. मी योगासाठी गेलो होतो, आणि योगाची कलमे निराळी आहेत.

पतंजलीच्या आठ अंगांत आसन तिसरे येते. त्याआधी यम आणि नियम, आणि पाच यमांत अस्तेय. व्यासभाष्यात अस्तेयाचा अर्थ परद्रव्य न घेणे एवढ्यावर थांबत नाही. त्याची स्पृहाही नसणे म्हणजे अस्तेय, असे तेथे म्हटले आहे. पुढच्याच सूत्रात हे यम जात, देश, काल आणि प्रसंग यांच्या सवलती मानीत नाहीत, असे सांगून त्यांना महाव्रत ही पदवी दिली आहे. विमानाचे तिकीट काढल्याने ते शिथिल होत नाहीत. आता कोणी म्हणेल, शांतता ही वस्तू वाटल्याने कमी होत नाही. तुम्ही ऐकलीत म्हणून त्याची कमी झाली का? शांतता नाही झाली. त्याचा दिवस कमी झाला. वर्षातून एकदाच येणारा, ज्यात काम करावयाचे नसते असा एक दिवस त्याच्याकडे होता. तो मी घेतला आणि त्या दिवसाला माझी साधना असे नाव दिले. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकान्तात एकट्याने राहावे असे सांगितले आहे. मी एकटा होतोच. तीन वेळ ताट आणणाऱ्याला माणसांत धरले नाही म्हणून एकटा होतो.

परत आल्यावर हे सारे आईला सांगत होतो. तिला बाली कोठे आहे ते ठाऊक नाही. सगळे ऐकून घेऊन ती कोकणीत एवढेच म्हणाली, "मौन तुमचें, पूण रांदप कोणाचें?" तिचे अर्धे आयुष्य देवळाच्या जेवणावळींची भाजी चिरण्यात गेले आहे, तिला तो प्रश्न सुचावयाला व्यासभाष्य लागले नाही.

पण तिच्या प्रश्नाने मी आणखी एका पेचात सापडलो. आमच्या देवळात सोमवारी पालखी निघते. पुढे दिवटी धरून चालणारा असतो. सगळ्यांना देव दिसावा म्हणून तो उजेड धरतो, आणि त्याची स्वतःची पाठ सबंध प्रदक्षिणाभर देवाकडे असते. वाजंत्री आहेत, उत्सवात आचारी आहेत. उत्सव आपला, आणि राबणारे दुसरे, हे आपल्याकडे नाही काय? मी महाजन आहे. १९३३ सालापासून चालत आलेल्या देवस्थानांच्या नियमांत महाजनाचे हक्क कोणते, हे मला पाठ आहे. प्रथम मी स्वतःची समजूत घातली, की दिवटीवाला राबतो तो देवासाठी, त्याचा मान ठरलेला आहे, त्याचे काम हाच त्याचा उत्सव; हॉटेलातला मनुष्य मात्र माझ्यासाठी राबला. हा फरक खरा आहे, असे मला अजून वाटते. पण तो दिवटीवाल्याने सांगितलेला नाही, मी सांगितलेला आहे. ज्याच्या सोयीची साक्ष तोच देतो, त्याला न्यायालयात काय म्हणतात ते मी जाणतो. पुढच्या सोमवारी मी त्याला विचारले. तो म्हणाला, "भाटकारांनु, आमचें हें पयलींच्यान आसा." एवढ्यावरून मान निघतो की केवळ सवय, याचा निकाल मला देता आला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी पुढच्या सहलीसाठी आम्ही सगळे देवळाच्या अग्रशाळेत जमलो. न्येपीचाच मुहूर्त पुन्हा धरावा असा बहुतेकांचा आग्रह होता. मी म्हटले, दुसरा आठवडा घ्या. नाहीतर त्या दिवशी आपणही उपवास करू, फळे आदल्या संध्याकाळी खोलीत ठेवून घेऊ, म्हणजे आपल्या पायी तरी कोणाला मुक्कामाला यावे लागणार नाही. एका गृहस्थांनी विचारले, की मग भरलेल्या पैशांत जेवण धरले आहे त्याचे काय. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. बऱ्याच चर्चेनंतर फळांची सूचना मान्य झाली, तारीख बदलली नाही.

मी दुसऱ्या खेपेस गेलो नाही. गट गेला, फळे आदल्या दिवशीच खोल्यांतून ठेवली गेली. नोकर मात्र त्या रात्रीही मुक्कामाला होतेच, कारण हॉटेलात दुसरे पाहुणे होते. परतलेल्या एका स्नेह्याला मी विचारले, की मला ताट आणून देणारा तो मनुष्य या वर्षी पाळीवर होता का. त्याला सांगता आले नाही. मागच्या वर्षी त्यालाही तोच वाढीत होता, पण नियमाप्रमाणे त्याने त्याचे तोंड पाहिले नव्हते.