नृत्यातील पदवी नेमकी कोणासाठी?

नाचायला पदवी कशाला लागते, हा प्रश्न नृत्याचे उच्च शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलींच्या घरी जितक्या वेळा विचारला जातो तितक्याच वेळा तो गुरूंच्या वर्गातही विचारला जातो, आणि दोन्हीकडे उत्तराची अपेक्षा नसते. पदवीमुळे अध्यापनाची वाट खुली होते, हे सर्वांना ठाऊक असल्याने त्याचा विस्तार नको.

गुरुपरंपरेच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तासिका आणि सत्रपरीक्षा यांच्या चौकटीत अंग तयार होत नाही. तत्कार, म्हणजे कथकमधील मूलभूत पदन्यास, वर्षानुवर्षांच्या रियाजानेच स्वच्छ होतो. हे मान्यच करावे लागते. मात्र 'परंपरेने असेच चालत आले आहे' एवढ्यावर ते थांबतात, तेथे त्यांची बाजू लंगडी पडते. नृत्य करता येणे ही एक क्षमता आणि ते तसेच का केले जाते याचा शोध घेता येणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप उपजत नाही.

भरतनाट्यमचेच पाहावे. 'मार्गम्', म्हणजे अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा सादरीकरणाचा क्रम, अनेकांना अतिप्राचीन वाटतो. प्रत्यक्षात त्याची घडण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावर दरबारातील चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या बंधूंकडे जाते. त्याच दरबाराच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावर 'कोरवैयांचे साहित्याचे जिन्नस' हा नृत्यरचनांचा मराठी संग्रह आहे. भरतनाट्यम शिकणाऱ्या किती मराठी मुलींना त्याचे नाव तरी सांगितले जाते?

येथे मूळ प्रश्नच थोडा बदलतो. अशा ज्ञानाने विद्यार्थिनीचा अडवू, म्हणजे भरतनाट्यममधील पायाभूत हालचालींचा गट, सुधारेलच असे नाही. तिचा वैयक्तिक लाभ संशयास्पदच राहतो. लाभ होतो तो कलेचा. नर्तकी कनक रेळे यांनी केरळमधील ज्येष्ठ मोहिनीअट्टम नर्तकींच्या नृत्याचे चित्रीकरण केले, त्यावर संशोधन केले आणि मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभारले. त्यामुळे त्या शैलीला केवळ स्मरणावर विसंबून राहावे लागले नाही.

तेव्हा विद्यापीठाने नृत्याच्या विद्यार्थ्याकडून रंगमंचावरील सफाईच मागायची असेल, तर त्याने नृत्य विभाग चालवू नये. त्या कामाला गुरूचा वर्ग पुरतो.