आहेराची वही

आजीकडे एक लांबट लाल वही होती. बाबांच्या लग्नात कुणी काय दिलं ते सगळं तिच्यात लिहिलेलं. कुणाचे अकरा रुपये, कुणाची पितळी परात, कुणाची सोलापुरी चादर. पुढे त्या घरात लग्न निघालं की आजी वही उघडायची आणि तेवढंच, जमलं तर थोडं जास्त, परत करायची. आहेर फुकट नसतो हे मी डॉक्टर होण्याच्या खूप आधी शिकलो.

गेल्या वर्षी मी इथल्या डॉक्टरांच्या एका संघटनेचा खजिनदार झालो आणि परिषदेचं बजेट माझ्या गळ्यात आलं. दोन दिवस, अडीचशे डॉक्टर, होटगी रोडवरचा हॉल. पूर्वी हे सोपं होतं म्हणे. एक कंपनी जेवण द्यायची, दुसरी बॅगा, तिसरी हॉटेलच्या खोल्या. मार्च 2024 मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी यूसीपीएमपी नावाची नवी संहिता आणली. डॉक्टर वक्ता असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर त्याचा प्रवास आणि मुक्काम कंपनीने करायचा नाही. भेटवस्तू नाहीत. कार्यक्रमांवर झालेला खर्च कंपनीने वेबसाइटवर टाकायचा.

मग आम्ही काय केलं? कंपन्यांना स्टॉल भाड्याने दिले. करार केला, जीएसटीसकट पावत्या दिल्या. सगळं नियमात. पैसा डॉक्टरला नाही, संघटनेला.

इथेच मी अडकलो. 2009 मध्ये मेडिकल कौन्सिलने भेटी आणि पाहुणचार घेण्यावर बंदी घातली तेव्हा त्या कलमात डॉक्टरांच्या संघटनाही होत्या. 2016 मध्ये संघटना हा शब्द वगळला. म्हणजे एकट्याने खाल्लं तर मिठाला जागावं लागतं, पंगतीत खाल्लं तर नाही?

बैठकीत मी म्हणालो, या वर्षी कंपन्यांचा पैसाच नको. हिशेब मांडला. बाराशेची फी छत्तीसशेवर जात होती. करमाळ्याचे एक ज्येष्ठ डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुला परवडतंय रे. मी दोन दिवस दवाखाना बंद ठेवून येतो. रजिस्ट्रेशन टिकवायला पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट लागतात, ते मी कुठनं आणू? तुझ्या तत्त्वाचं बिल मी भरायचं का?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ठराव बारगळला, स्टॉल लागले, परिषद छान झाली.

पंधरा दिवसांनी मोहोळकडच्या एक मावशी आल्या. शुगरची तपासणी, नेहमीचंच. मी गोळी लिहिली आणि हात थांबला. सर्वांत मोठा स्टॉल ज्यांचा होता, त्यांचाच ब्रँड. तेच औषध निम्म्या किमतीत मिळतं हे मला माहीत होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, साधं पेनही दिलं नव्हतं. मी ते खोडून दुसरं लिहिलं. पण त्या पंधरा दिवसांत मी खोडलं नाही असं किती लिहिलं असेल?

सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका कंपनीच्या आयकराच्या खटल्यात म्हटलंच होतं, की डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळतो. म्हणजे आमच्या मांडवात आहेर मावशींनीच केला होता. माझ्या पावतीपुस्तकात त्यांचं नाव कुठेच नाही. आजीची वही आपण कुणाचे देणेकरी आहोत ते लक्षात ठेवायला होती. माझं पुस्तक ऑडिटरसाठी आहे, आपण कुणाचं काही लागत नाही हे दाखवायला.

करमाळ्याच्या सरांचा मुद्दा मला अजूनही खोडता येत नाही. शिकणं डॉक्टरचं, पण त्याचा फायदा गावाला, मग खर्च एकट्या डॉक्टरने का करायचा? आणि त्याने नाही, तर कुणी? सरकारने, असं म्हणणं सोपं आहे.

या वर्षी हॉटेलऐवजी सरकारी मेडिकल कॉलेजचा हॉल मागितलाय. एकच दिवस, बॅगा नाहीत, जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. स्टॉल निम्मे केले, शून्य करायची हिंमत झाली नाही. फी अठराशे. नोंदणी सुरू होऊन तीन आठवडे झाले. करमाळ्याहून अजून एकही नाव आलेलं नाही.