शंकेचा फायदा कोणाला?

आपल्या भागातल्या काही घरांत आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. बंदूक केव्हाच गेलेली असते. पण घर आवरताना जुन्या ट्रंकेच्या तळाशी एखादे काडतूस किंवा बंदुकीचा सुटा भाग हाती लागतो. "बंदूकच नाही, मग याची भीती कसली?" असे म्हणून आपण तो पुन्हा ट्रंकेत ठेवून देतो. आता समजा, तीच वस्तू नकळत नातवाच्या बॅगेत गेली. तो पहाटे उमरोळीहून गाडी पकडून विमानतळावर पोहोचला आणि तपासणीत ती सापडली. तो गुन्हेगार ठरतो का?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' म्हणजे नुसती बंदूक नव्हे. बंदुकीचे भाग आणि गोळीचा आवाज किंवा जाळ कमी करणारे साधन, म्हणजेच सायलेन्सर, हेही त्याच व्याख्येत येतात. काडतूस बाळगायलाही परवाना लागतो. मात्र याच कायद्याचे कलम ४५ सांगते की, पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल तर 'किरकोळ' भागांना हा कायदा लागू नाही. किरकोळ कशाला म्हणायचे, हे ते कलम सांगत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली एकट्या काडतुसाला किरकोळ भाग मानले. पण हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली आणि पुढे १९९४ साली मुंबईच्या संजय दत्त प्रकरणात एक गोष्ट स्पष्ट केली: ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे.

अशी संदिग्धता आपल्याच देशात आहे असे नाही. २०१७ साली अमेरिकेत लास व्हेगास येथे एकाने संगीत कार्यक्रमाला जमलेल्या लोकांवर गोळीबार केला. बंदुकीतून झपाट्याने गोळ्या सुटाव्यात म्हणून त्याने 'बम्प स्टॉक' नावाचे साधन जोडले होते. सरकारने पुढच्या वर्षी त्यावर बंदी घातली. जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती बंदी रद्द केली, कारण कायद्यातील 'मशीनगन' या शब्दात ते साधन बसत नाही. माणसे तर मेलीच होती. वाद शब्दाचा राहिला.

मग कायदाच अस्पष्ट असेल तर आपण कसे वागावे? ख्रिस्तसभेत या प्रश्नाची चर्चा फार जुनी आहे. संत आल्फान्सस लिगोरी धर्मगुरू होण्यापूर्वी नेपल्समध्ये वकील होते. शंकास्पद कायदा माणसावर बंधनकारक होत नाही, या तत्त्वाचा त्यांनी बारकाईने विचार केला. तत्त्व न्याय्य आहे. जो नियम नीट कळतच नाही, तो मोडल्याबद्दल शिक्षा कशी द्यायची? पण याच तत्त्वाची मर्यादा दाखवणारे शिकाऱ्याचे उदाहरणही नीतिशास्त्रात पूर्वापार दिले जाते. झुडूप हलते. आत हरीण आहे की माणूस, हे शिकाऱ्याला ठाऊक नाही. तेथे "शंका आहे, म्हणजे मला मोकळीक आहे" असे त्याला म्हणता येत नाही. त्याने बंदूक खाली केलीच पाहिजे.

आम्हांला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन्हींत मिळून आहे. दुसऱ्याला शिक्षा करण्याची वेळ येते, तेव्हा शंकेचा फायदा आरोपीला मिळावा. शेजारच्या मुलाच्या बॅगेत काडतूस सापडले, तर न्यायालयाआधी आपणच त्याला गुंड ठरवू नये. परंतु स्वतःच्या वागण्याचा प्रश्न येतो, तेव्हा शंकेचा फायदा आपण स्वतःला घेऊ नये. ज्याच्या जिवाला धोका होऊ शकतो त्या अनोळखी माणसाला तो द्यावा. आपण बहुधा नेमके उलटे करतो. स्वतःला सूट देतो आणि दुसऱ्याला दोष.

कलम २१ प्रमाणे, ताबा कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र वा काडतूस विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. तेव्हा या आठवड्यात आजोबांची ट्रंक एकदा उघडून पाहू या. काही सापडले, तर आधी जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊ आणि ते योग्य हाती सोपवू. कायद्याचा शब्द स्पष्ट होईपर्यंत आपल्या विवेकाने थांबून राहण्याचे कारण नाही.