बंद ऋतू

आषाढात तापीचे पाणी गढूळ होऊन चढू लागले की आमच्या जैनाबादच्या काठावर जाळी गुंडाळून ठेवली जातात. 16 जून ते 15 ऑगस्ट हा मध्यप्रदेशात मासेमारीचा ‘बंद ऋतू’. 1972 च्या नदीय मत्स्योद्योग नियमांचा त्यास आधार आहे. रोहू, कटला यांसारखे मासे याच पुराच्या पाण्यात अंडी घालतात. म्हणून नद्या आणि त्यांना जोडलेले जलाशय बंद, नदीशी संबंध नसलेली लहान तळी तेवढी मोकळी.

शासकीय सेवेत असताना एका वृद्ध मच्छीमाराने आम्हांस विचारले होते, “साहेब, माशाच्या पिल्लांची काळजी सरकारला आहे, आमच्या पिल्लांची कोणाला?” आम्ही नियम सांगितला. ते उत्तर नव्हे, हे आम्हांस तेव्हाही कळत होते.

जे अद्याप जन्मास आले नाहीत त्यांच्यासाठी आज भुकेल्याचा हात धरण्याचा अधिकार शासनास आहे काय? आमच्या मते आहे. समुद्रकाठचे कालव पाहा. त्याची पिले पाण्यात तरंगत येतात आणि बहुधा जुन्या कालवांच्या शिंपांवरच चिकटून वाढतात. शिंपांसह सारे उपसून नेले, तर पुढच्या पिढीस बूडच उरत नाही. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात एकोणिसाव्या शतकात असाच बेसुमार उपसा झाला आणि कालवांचे ते विस्तीर्ण थर ओसरले. तेथील प्रत्येक नावाडी आपापल्या परीने शहाणाच होता. मात्र ‘मी थांबलो तर दुसरा नेईल’ ही भीती एकट्याच्या शहाणपणाने जात नाही. ती घालविण्यासाठीच सर्वांना सारखा नियम लागतो.

तरीही त्या वृद्धाचा प्रश्न उरतोच. नदी सर्वांची, मग संयमाचा भार एकट्या जाळ्यावर का? बंदीच्या महिन्यांसाठी बचत-सह-मदत योजना आहे. मच्छीमाराने वर्षभर थोडे साठवावे, शासनाने त्यात भर घालावी. परंतु ही रक्कम घरखर्चास पुरणारी नाही. शिवाय सांडपाण्याला आपण कोणता बंद ऋतू पाळावयास लावला? ज्यांच्यापाशी बोलण्याचे बळ नाही त्यांच्यावरच नियम कठोर होत असेल, तर नियम योग्य असूनही न्याय अपुरा राहतो.

1760 नंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. तेव्हापासून आपल्यापैकी कित्येक घराणी या पाण्यावर वाढली. चातुर्मास पाळणे आपल्यास नवे नाही. अनेक घरांत मासे शिजतच नाहीत, शिजतात तेथेही श्रावणात वर्ज्य असतात. पण जे आपण मुळात खातच नाही ते सोडण्यात त्याग कसला? घरातले सांडपाणी कोठे जाते आणि नव्या बांधकामाची वाळू कोठून येते, एवढे विचारले तरी त्या मच्छीमाराचे ओझे आपण थोडे उचलले, असे आम्ही समजू.