आल्फ्रेड हे नाव कोणाला हवे होते?

मोठ्या माणसाचे नाव लोक आपल्या मुलांना ठेवतात, असे आपण धरून चालतो. इंग्लंडच्या इतिहासात या समजुतीला एक ठसठशीत अपवाद आहे. ज्या एकमेव एतद्देशीय राजाला इंग्रज ‘द ग्रेट’ ही पदवी लावतात, त्या आल्फ्रेडचे नाव त्याच्याच देशात काही शतके जवळजवळ बाद झाले होते. पुढे ते परत आले, राजवाड्यात गेले, कारखान्यात गेले, पुन्हा जुनाट ठरले. या सगळ्या काळात राजा होता तेवढाच मोठा होता. तेव्हा नावाची चढउतार धन्याच्या कर्तृत्वावर ठरत नसावी. ती ठरते कोणाला त्या नावाची गरज आहे, यावर. आल्फ्रेडच्या बाबतीत ही गरज बहुतेक वेळा बाहेरून आलेल्यांची होती.

वेसेक्सचा हा राजा ८७१ साली गादीवर आला आणि ८९९ साली वारला. त्या काळच्या अँग्लो-सॅक्सन घरांत दोन शब्द जोडून नाव तयार करण्याची रीत होती आणि भावंडांच्या नावांत पहिला शब्द सारखा ठेवणे नेहमीचे होते. आल्फ्रेडचे वडील एथेलवुल्फ; थोरले चार भाऊ एथेलस्टन, एथेलबाल्ड, एथेलबर्ट आणि एथेलरेड. ‘एथेल’ म्हणजे कुलीन. धाकट्याच्या नावात मात्र ‘एथेल’ नाही. तिथे ‘एल्फ’ आहे, म्हणजे आपल्या यक्षांसारखी एक अमानवी योनी, आणि ‘रेड’ म्हणजे सल्लामसलत. चार भाऊ पुढे असताना हा पोरगा गादीवर बसेल असे कोणाला वाटले नसावे, म्हणून घराण्याचा शब्द त्याच्यासाठी वापरला नाही, असा एक तर्क आहे. तर्कच तो, पण पटण्यासारखा.

८७८ साली एडिंग्टनच्या लढाईत आल्फ्रेडने डॅनिश सरदार गुथ्रम याला हरवले. तहात ठरले की गुथ्रमने ख्रिस्ती व्हायचे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून खुद्द आल्फ्रेड उभा राहिला आणि गुथ्रमचे नाव झाले एथेलस्टन. पुढे पूर्व इंग्लंडवर राज्य करताना गुथ्रमने नाणी पाडली ती याच नावाने. त्याची ही युक्ती ध्यानात ठेवावी. ज्या प्रजेवर राज्य करायचे तिच्यातले नाव घेतले की पाय रोवायला बरे पडते.

१०६६ साली फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांना ही निकड वाटली नाही. त्यांच्याजवळ जमिनी होत्या, किल्ले होते, बिशपांच्या जागा होत्या. त्यांनी इंग्रजांची नावे घेतली नाहीत. इंग्रजांनीच त्यांची घेतली. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही नावे काही पिढ्यांतच खेड्यातल्या कुळांपर्यंत पोहोचली. जुन्या नावांवर बंदी कोणी घातली नव्हती. ज्याच्या हाती सत्ता त्याच्यासारखे आपल्या मुलाचे नाव असावे, एवढेच पुरले.

त्या पडझडीत एडवर्ड हे जुने नाव मात्र टिकले. एडवर्ड द कन्फेसर हा राजा म्हणून बेताचाच. पण ११६१ साली चर्चने त्याला संत ठरवले आणि नॉर्मन वंशातल्या तिसऱ्या हेन्रीची त्याच्यावर भक्ती जडली. १२३९ साली हेन्रीने थोरल्या मुलाचे नाव एडवर्ड ठेवले, पुढच्याचे संत एडमंडवरून एडमंड. आल्फ्रेडला असे संतपद नव्हते. सहाव्या हेन्रीने १४४१ साली पोपकडे त्यासाठी प्रयत्न करून पाहिला, तो फळला नाही. ज्याचा सण नाही, ज्याच्या नावाचे देऊळ नाही, त्याचे नाव मध्ययुगात बाळाच्या कानात कोण सांगणार? नॉर्मन फ्रेंच उच्चारातून त्याचे एक रूप ‘एव्हरी’ असे झाले आणि आडनावात जाऊन बसले. अमेरिकेत हल्ली ते मुलींना ठेवतात.

नाव परत कोणी आणले, हा या कथेतला खरा रंजक भाग. १७१४ साली इंग्लंडच्या गादीवर हॅनोव्हरचे जर्मन घराणे आले. पहिल्या जॉर्जला इंग्रजी जेमतेम येई. त्याचा नातू फ्रेडरिक, प्रिन्स ऑफ वेल्स, हाही हॅनोव्हरलाच जन्मलेला. बापाशी त्याचे पटत नव्हते आणि बापापेक्षा आपण अधिक इंग्रज आहोत हे त्याला दाखवायचे होते. १ ऑगस्ट १७४० रोजी क्लाइव्हडन इथल्या त्याच्या बंगल्यावर ‘आल्फ्रेड’ नावाचा संगीत खेळ झाला. ‘रूल, ब्रिटानिया!’ हे पुढे साऱ्या साम्राज्यात दुमदुमलेले गाणे त्या खेळातले. फ्रेडरिकच्या मुलाने, म्हणजे तिसऱ्या जॉर्जने, १७८० साली आपल्या एका मुलाला आल्फ्रेड नाव दिले. ते मूल दोन वर्षांत गेले. मग १८४४ साली व्हिक्टोरिया राणीने दुसऱ्या मुलाला तेच नाव ठेवले. गुथ्रमचीच युक्ती, नऊशे वर्षांनी. तोवर सुशिक्षित घरांतही नाव रुजले होते: कवी टेनिसन १८०९ चा, निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस १८२३ चा. आल्फ्रेडभक्तीचा भर इतका, की ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने आपण त्या राजानेच स्थापलेले असल्याचे मानून १८७२ साली सहस्राब्दी साजरी केली. विंचेस्टरला त्याच्या मृत्यूची सहस्राब्दी झाली १९०१ साली, दोन वर्षे उशिरा.

व्हिक्टोरियाच्या या मुलामुळे नाव हिंदुस्थानात आले. आरमारी अधिकारी असलेला प्रिन्स आल्फ्रेड १८७० साली मुंबईत आला आणि त्याच्या हस्ते रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची कोनशिला बसली. खलाशांसाठी बांधलेली ती वास्तू १९२८ साली कायदेमंडळासाठी घेतली गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावरही नरिमन पॉइंटचे विधान भवन उभे राहीपर्यंत आपली विधानसभा तिथेच भरे. रीगल सिनेमासमोर आज तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. गांधीजी ज्या हायस्कुलातून मॅट्रिक झाले, ते राजकोटचे हायस्कूलही आल्फ्रेडच्याच नावाने ओळखले गेले. नंतर त्याला गांधीजींचे नाव मिळाले. अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात २७ फेब्रुवारी १९३१ रोजी चंद्रशेखर आझाद पोलिसांशी लढता लढता गेले आणि ते उद्यान आता त्यांच्या नावाचे आहे. परक्यांच्या आक्रमणाशी झुंजलेल्या राजाचे नाव परक्या सत्तेने आपल्या बागेला द्यावे आणि तिथेच हे घडावे, यातली विसंगती त्या वेळच्या कलेक्टरला जाणवली असेल असे वाटत नाही. प्रिन्स आल्फ्रेड स्वतः १८९३ साली जर्मनीतल्या साक्स-कोबुर्ग-गोथाचा ड्यूक होऊन तिकडेच गेला आणि तिथेच वारला.

राजपुत्राचे नाव सगळ्यांनी उचलले की ते राजपुत्राचे राहत नाही. बर्नार्ड शॉच्या १९१३ सालच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात कचरा उचलणारा डूलिटल हा आल्फ्रेड आहे. पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ करताना त्याचा दगडोबा केला आणि नावाची सामाजिक पायरी नेमकी पकडली. १९४३ साली बॅटमनच्या घरी बटलर आला, त्याचेही नाव आल्फ्रेड. दोन महायुद्धांनंतरच्या इंग्लंडमध्ये हे आजोबांचे नाव होऊन बसले. वडिलांच्या पिढीचे नाव मुलाला ठेवायला लोक कचरतात. पणजोबांच्या पिढीचे मात्र पुन्हा ताजे वाटते. गोव्यात हिशेब वेगळा: कोंकणी रंगभूमीवरचे तियात्र गाजवणारे आल्फ्रेड रोज १९३२ साली जन्मले, तेव्हा तिथे हे नाव जुने झालेले नव्हते.

एकविसाव्या शतकात इंग्लंडने हे नाव पुन्हा काढले, पण लाडाच्या रूपात. २००२ साली ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेत आल्फी मून हे पात्र आले, आणि त्याच दशकात ‘आल्फी’ हे इंग्लंड-वेल्समधल्या मुलांच्या पहिल्या दहा नावांत पोहोचले. या वेळी ना राजघराण्याला ते हवे होते, ना साम्राज्याला. आईबापांना घरगुती वाटणारे, हाक मारायला सोपे नाव हवे होते. जन्मनोंदणीत आता ‘आल्फी’ हेच पूर्ण नाव म्हणून लिहिले जाते, आणि ‘आल्फ्रेड’ लिहिणारे त्याहून कमी आहेत.